घरी नेलेली माणसं शोधणाऱ्या मॅडम

औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी घेतली की मॅडम ती उलटी करून मुदतीची तारीख वाचत. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणत, “जरा वाचा बघू.” दोघांचं जुळलं तरच पिशवीत टाकत. चहाच्या गाड्यावर त्यांना दूध उकळताना दिसायला लागे. मोबाइलवर ‘आज पाऊस नाही’ असं आलं तर त्या खिडकीबाहेर हात काढून बघत. आमच्या दवाखान्याच्या फाटकावर रखवालदार सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा. मॅडमची पिशवी उघडायला लागला की त्या त्याचं ओळखपत्र मागायच्या. तो हसून दुसऱ्याला म्हणायचा, “शक्की मॅडम आ गये. इनकी तलाशी लेने गये तो अपनीच तलाशी होती.”

एकदा आमच्या खात्यातल्या एका बाईंनी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मॅडम थबकल्या.

“आज माझा वाढदिवस आहे हे कुणी सांगितलं?”

“तुमच्या नोकरीच्या कागदांवर आहे की, मॅडम.”

“ती तारीख शाळेतल्या गुरुजींनी टाकलीय. आई म्हणती, ज्वारी काढायच्या दिवसांत झाले मी. आता जून चाललाय. शेतात ज्वारी हाय का बघून या.”

पेढा मात्र त्यांनी घेतला. अर्धा मोडून, वास घेऊन.

त्या डॉक्टर होत्या, पण रोगी तपासत नसत. रोग्यांचे आकडे तपासत. मी कलबुर्गीच्या एका मोठ्या दवाखान्यात नोंदींच्या खात्यात आहे. रोगी घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. आजार कोणता, उपाय कोणता, शेवट काय झाला, हे ठरलेल्या सांकेतिक क्रमांकांत संगणकावर चढवायचं, हे आमचं काम. मी कॉमर्स शिकलेला माणूस. बेरीज जुळली की मला झोप चांगली लागते.

मॅडम आल्या त्या एका अभ्यासासाठी. बिदर, कलबुर्गी, सोलापूर आणि हैदराबादच्या काही दवाखान्यांच्या संगणकातल्या नोंदी एकत्र करायच्या आणि मेंदूतल्या फुग्यावर कुठे कसे उपचार होतात, त्यानं माणसं किती बरी होतात, हे काढायचं. मेंदूतल्या धमनीची भिंत कधीकधी एका जागी कमजोर होऊन तिथं फुगा येतो. तो फुटला तर चांगलं चालतं-बोलतं माणूस डोकं धरून खाली बसतं आणि पुष्कळदा उठत नाही. उपाय दोन. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा, नाहीतर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन फुग्यात तारेची गुंडाळी भरायची. आमच्या खात्यात आम्ही ‘चिमटा’ आणि ‘तार’ असंच म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मी त्यांना एक स्वच्छ तक्ता काढून दिला. माझा समज होता की त्या खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ नेला.

“अण्णा, हे ‘विनंतीवरून घरी’ म्हणजे काय?”

“नातेवाइकांनी मागितलं म्हणून सोडलेले.”

“कामून मागितलं?”

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी मान हलवली की घरातली मोठी माणसं कोपऱ्यात जाऊन बोलतात आणि परत येऊन म्हणतात, घरी नेतो. माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत जावा, तोंडात पाणी आपल्या माणसानं घालावं, एवढीच इच्छा असते. रुग्णवाहिकेत एक जण सलाइनची बाटली हातात धरून बसतो. प्राणवायूची नळी गाव येईपर्यंत ठेवतात.

“आशा नसली की नेतात, मॅडम.”

“म्हणजे मरायला नेतात.”

“आपण तसं लिहीत नाही.”

“मरणाच्या रकान्यात ही माणसं धरलीत का?”

“न्हाई. इथून जिवंतच गेली ना.”

त्यांनी कागद खाली ठेवला. “छान दवाखाना हाय तुमचा. मरणारा दारातून आधीच भायेर जायलाय. इथं कोण मरंल?”

मला राग आला. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. क्रमांक ठरलेले होते आणि मी ते बरोबर टाकले होते. पण घरी जाताना तो रकाना डोक्यातून जाईना.

एखाद्या डॉक्टरनं त्यांना “पेशंट बरा झाला” असं सांगितलं तर त्या विचारत, “आंघोळ स्वतः करतो का? बायकोला नावानं हाक मारतो का? दुकानात पाठवला तर सुट्टे बरोबर आणतो का?” डॉक्टर म्हणत, ते आम्हाला कसं माहीत असणार. त्यावर मॅडम नुसत्या मान डोलवत. ती मान डोलावणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

दोन-तीन महिन्यांत दवाखान्यात त्यांच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणालं, त्या विमा कंपनीच्या हस्तक आहेत. कुणी म्हणालं, समोरच्या दवाखान्यानं पाठवलंय. एका डॉक्टरांच्या मते त्यांच्या घरात कुणीतरी शस्त्रक्रियेत गेलं होतं आणि त्याचा राग त्या इथं काढत होत्या. आमच्या व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

“बाई काय शोधायलीय?”

“शेवट काय झाला ते.”

“कुणाचा? आपला?” ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “जरा लक्ष ठेवा. कोणत्या फाइली मागते, कुणाला फोन करते.”

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा पूर्ण भरवसा वाटत नव्हता. जी बाई कुणावरच विश्वास ठेवत नाही तिच्या मनात काय आहे हे बाहेरच्याला कसं कळणार?

त्याच सुमारास माझी बायको स्कूटरवरून पडली. मीच चालवत होतो. खड्डा चुकवताना गाडी घसरली. लागलं फारसं नाही, पण डोक्याला मार होता म्हणून आमच्याच दवाखान्यात तपासणी केली. माराचं काही निघालं नाही. निघाला तो फुगा. न फुटलेला, तुरीच्या दाण्याएवढा.

ती आळंद तालुक्यातल्या तूर पिकवणाऱ्या घरातली. डॉक्टरांनी आकार सांगितला तेव्हा म्हणाली, “एवढं रान पडलंय बापाचं, तूर माझ्याच डोक्यात उगवायची होती व्हय?” डॉक्टर हसले. मी हसलो नाही. डॉक्टर म्हणाले, तो फुटेलच असं नाही आणि फुटणारच नाही असंही नाही. तार भरून घेता येईल किंवा दर वर्षी तपासून वाट बघता येईल. आकार आणि जागा बघता त्यांचा कल तारेकडे होता. ठरवायचं आम्ही.

मला जे येतं ते मी केलं. मॅडमच्या अभ्यासासाठी जमवलेल्या नोंदींतून प्रत्येक दवाखान्यात तारेनंतर काय झालं ते काढलं. ते आकडे इथं लिहीत नाही. मॅडमना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर होणार नाही. एवढं सांगतो की आमचा दवाखाना चांगला दिसत होता आणि सोलापूरचा एक दवाखाना फारच चांगला दिसत होता. मी मनात सोलापूर पक्कं केलं आणि कागद मॅडमसमोर ठेवला.

त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. “हा घरी दाखवलात?”

“अजून न्हाई.”

“दाखवू नका. दोन्ही आकड्यांवर माझा भरवसा न्हाई. आधी माणसं बघून येऊ.”

मला लगेच संशय आला. गावोगाव हिंडायला त्यांना दवाखान्यातला एक माणूस हवा होता आणि व्यवस्थापकांनी तो नाकारला होता, हे मला ठाऊक होतं. माझ्या बायकोच्या आजाराचा उपयोग त्या आपल्या कामासाठी करत होत्या का? मी विचारलंच.

“मॅडम, हे माझ्यासाठी की तुमच्यासाठी?”

“दोघांसाठी,” त्या म्हणाल्या. “फुकट कुणाला नेत न्हाई मी.”

उत्तर सरळ होतं. रविवारी मी निघालो. गाडी त्यांचीच, चालवणाऱ्याही त्याच. निघायच्या आधी चारही चाकांना लाथ मारून झाली.

पहिलं गाव मुडबी. आमच्या दवाखान्यातून ‘विनंतीवरून घरी’ गेलेला एक शेतकरी तिथला. फुगा फुटलेला, बेशुद्धीतच नेलेला. तरी आमच्या खात्यातल्या मुलींनी फोनवर चौकशी केली तेव्हा त्यांना घरून दर वेळी ‘बरे आहेत’ असंच सांगितलं गेलं होतं. मॅडमचा त्या फोनवर विश्वास नव्हता. वाटेतच म्हणाल्या, “रेशन कार्डातलं नाव जाईल म्हणून सांगायलेत. बघा तुम्ही.”

घरासमोर एक बाई सोयाबीन पाखडत होती. मॅडमनी दवाखान्याचं नाव सांगितलं तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर सावरला.

“मालकांची तब्येत बघायला आलाव,” मॅडम म्हणाल्या.

“बरी हाय की.”

“कुठं हायत?”

“शेताला गेल्यात.”

“कुठलं शेत?”

“लांब हाय, बाई. ऊन लागंल तुमाला.”

“लागू दे,” म्हणून मॅडम निघाल्यासुद्धा. मागून मी. तूर कमरेच्या वर आलेली. मॅडमच्या चपला मातीत रुतत होत्या आणि त्या एकेक पाय उपसत चालत होत्या. मला त्यांचा संताप येत होता. घरातली बाई खोटं बोलतेय हे तर स्पष्टच होतं. ते तिच्या तोंडासमोर सिद्ध करून काय मिळणार होतं?

शेतात एक तरुण माणूस पाठीला पंप लावून फवारणी करत होता. तो त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ निघाला. आम्ही कोण ते ऐकून त्यानं पंप उतरवला.

“वैनीनं काय सांगितलं?”

“शेताला गेलेत म्हणाल्या.”

त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं. “अण्णा त्याच दिवशी गेला. गाडी गावात शिरली तवा श्वास होता, घरात नेऊस्तोवर न्हाई. तिकडं बांधाला लागून मातीत ठेवलाय त्याला.”

मॅडम म्हणाल्या, “रेशनचं नाव कमी होईल म्हणून...”

“त्ये कवाच कमी केलंय, बाई. मीच करून आलाव.” तो चिडला नाही. “तिला कुणी इचारलं तर ती तसंच म्हनती. आमी बी काय म्हनत न्हाई. म्हनू दे.”

आम्ही त्याच वाटेनं परत आलो. घरापाशी ती बाई चहा करून थांबली होती. मॅडमनी कप घेतला आणि न बघता प्यायल्या. दूध कुठलं, भांडं कसलं, काही नाही. निघताना म्हणाल्या, “मालकांना सांगा, येऊन गेलो म्हणून.” ती बाई म्हणाली, “व्हय, सांगते.”

दुसरं गाव मादन हिप्परगा. तिथली एक बाई अशीच फुगा फुटून आली होती. एक पापणी पूर्ण मिटलेली, हाक मारली तर नुसती कण्हायची. तिलाही घरी नेलेलं. फोन कुणी उचलला नव्हता. मॅडमनी फाइल बघून आपल्या कच्च्या हिशेबात तिला मेलेली धरली होती. “नावापुरतं विचारू आणि निघू,” असं म्हणत त्या गाडीतून उतरल्या.

ओसरीवर एक धिप्पाड बाई बसून सुनेवर ओरडत होती. मी नाव विचारलं.

“मीच की. कामून?”

मला आनंद झाला. मॅडमना झाला नाही. त्यांनी मला बाजूला ओढलं. “ही तीच कशावरनं? नणंद असंल, जाऊ असंल.”

“मॅडम, ती स्वतः सांगायलीय.”

“माणसं काय काय सांगतात ते सकाळी बघितलं न्हाई का?”

मॅडम त्या बाईसमोर बसल्या आणि मोबाइलची बत्ती लावून तिच्या डोळ्यावर धरली. ती बाई मागे सरकली.

“काय बघायलीस गं डोळ्यात?”

“तुम्ही त्याच का, ते बघतेय, अक्का.”

“मग दुसरी कोन आसंल? मेले आसते तर मी गप पडले नसते व्हय? सून दोन घास सुखानं खाल्ली आसती!” आतून सून हसली.

डावी पापणी अजून जराशी खालीच होती आणि त्या डोळ्याची बाहुली उजेडात दुसरीइतकी आवळत नव्हती. फाइलमध्ये लिहिलेलं होतं ते हेच. मॅडमनी बत्ती बंद केली. “तीच हाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पडल्यासारखा झाला.

त्या बाईनं मग सगळं सांगितलं. घरी आणल्यावर पाहुणे जमले, रडून झालं. दुसऱ्या दिवशीही ती होती. तिसऱ्या दिवशी तिनं चहा मागितला. भाऊ सोलापूरकडचा, तो जीप घेऊन आला आणि तिला तिकडे घेऊन गेला. तिथं तार भरली. “त्या दवाखान्यात लई चांगलं करत्यात,” ती म्हणाली. “तुमच्याकडं नुसती मान हलवत्यात.”

गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, “सोलापूरचा आकडा एवढा चांगला कामून, कळलं का? फुटल्यावरचे पहिले दिवस जी माणसं आपल्या अंगानं काढतात तीच तिथवर पोचतात. वाचणारी माणसं त्यांच्याकडं, मरणारी घरी. ती तुमच्या हिशेबात न्हाईत, त्यांच्याबी न्हाईत. दोघांचे आकडे चांगले, अण्णा. माणसं मधल्या रस्त्यावर.”

“पण ही बाई तुमच्या हिशेबातही चुकली.”

त्यांनी गाडी चालू केली. आळंद मागे पडल्यावर म्हणाल्या, “चुकली. आणि ते जास्त वाईट. तुम्ही मेलेल्या माणसाला जिवंत लिहिलं. मी जिवंत बाईला मारलं. माझा राग माझ्या पेनात उतरला.”

मग त्या संतपूरबद्दल बोलल्या. ते त्यांचं गाव. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला, वडील शिकले, त्या डॉक्टर झाल्या. “आमच्या माणसांबद्दल जे काय लिहिलं ते कायम दुसऱ्यांनी लिहिलं. जमीन कुणाची, वय काय, जात काय, हुशार का मठ्ठ. म्हणून लिहिलेलं मी नुसतं वाचत न्हाई. जाऊन बघते. पण आज कळलं, मी लिहिते तेव्हा मीबी दुसरीच असते.”

मला त्या वेळी माझ्या बायकोची पडली होती. मी म्हणालो, “मग आम्ही काय करायचं?”

“वहिनींचा फुटलेला न्हाई. तुमच्या कागदावर फुटलेले आणि न फुटलेले एकाच रकान्यात हायत. वहिनी स्वतःच्या पायांनी चालत आत जाणार. तिथं काय चुकलं तर ते आजारानं न्हाई, आपल्या हातानं चुकंल. दुसरा प्रश्न हाय हा.”

“त्याचा आकडा?”

“मी भरवसा ठेवावा असा माझ्याकडं न्हाई.”

पुढच्या आठवड्यात त्या आमच्या घरी आल्या. मी बोलावलं नव्हतं. बायकोनं बोलावलं होतं. तिनं त्यांना समोर बसवलं आणि मला म्हणाली, “तुम्ही गप बसा. तुम्ही आकडे मोजायलाव, डोकं माझं हाय.” मग मॅडमकडे वळून, “तुमच्या डोक्यात हे असतं तर तुम्ही काय केला असता?”

मला वाटलं, आता मान डोलेल. मॅडम म्हणाल्या, “पळून गेले असते, वहिनी. पण पळून कुठंबी गेलं तरी डोकं बरोबरच येतंय.”

बायको हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच दिवसांत ती पहिल्यांदा रडली. “मला रात्री कानात ठोके ऐकू येतात,” ती म्हणाली. “ह्यांना सांगितलं न्हाई. आता फुटतोय का मग फुटतोय, असं वाटतंय.” हे मला ठाऊक नव्हतं.

“मग वाट बघणं तुम्हाला जमायचं न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “आता कुणाकडं करायचं तेवढं बघा. डॉक्टरला विचारा: तुम्ही स्वतः किती केल्या, आणि घरी गेल्यावर त्या माणसांना कुणी बघितलं का. रागावला तर रागावू द्या.”

आम्ही आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते रागावलेच. मला म्हणाले, “तुम्ही इथं नोकरी करता ना?” मग खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “मी स्वतः केलेल्या पुष्कळ आहेत. त्यात चुकलेल्याही आहेत. घरी जाऊन कुणी बघितलेलं नाही. बघायला हवं होतं.”

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “ह्याच्याकडंच करू.”

“सोलापूर?”

“सोलापूर न्हाई नि हैदराबाद न्हाई. हा माणूस माझ्या तोंडावर चुकलो म्हणाला. पुरे हाय मला.”

तार भरली. फुगा बंद झाला. पण नळी वर असताना रक्ताची एक बारीक गुठळी निसटली. दोन दिवस उजवा हात जड होता, मग मोकळा झाला. चालणं ठीक, ओळख ठीक, बोलणंही ठीक. घरी जाण्याच्या कागदावर ‘बरी’ असं लिहून आलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात कळलं की काही शब्द गेलेत. माणसांची नावं येत होती, गावांची येत होती. हाताखालच्या वस्तूंची येत नव्हती. परात, उलथनं, सांडशी. वस्तू समोर असायची, कशाला वापरतात ते तिला माहीत असायचं, बोट दाखवायची आणि ओठ हलत राहायचे. मी चटकन शब्द सांगितला की ती खवळायची. एकदा तिनं वाटी आपटली. जी बाई दिवसभर मला एका वाक्यात गप्प करायची ती एका शब्दासाठी घामाघूम व्हायची.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सुधारेल, बहुतेक. त्यांनी कागद बदलून द्यायची तयारी दाखवली. मीच म्हणालो, बघू.

मधल्या काळात मॅडमचं काम मुदतीआधी थांबवण्यात आलं. कारण कुणी लेखी दिलं नाही. व्यवस्थापक मला म्हणाले, “तुमच्या बाई चालल्या,” आणि मी काय बोलतो याची वाट बघितली. मी पुढची फाइल उघडली. मॅडमना जाण्याआधी नोंदी पूर्ण करून द्यायच्या होत्या आणि माझ्या बायकोच्या नावापुढचा शेवटचा रकाना रिकामा होता. तो मी भरला नव्हता. ‘बरी’ लिहिलं तर डॉक्टरांवर विश्वास ठेवणाऱ्या पुढच्या माणसाला मी फसवतो. ‘अपंगत्व’ लिहिलं तर बायकोला तो शब्द चिकटतो, आणि पुढची बाई घाबरून घरी बसते आणि तिचा फुगा फुटतो. मला मॅडमचाही संशय येत होता. त्यांच्या अहवालाला वाईट शेवट हवे असणार, आणि हा त्यांच्या हाताशी आयता आलेला होता.

जायच्या आधी त्या जेवायला आल्या. बायकोनं स्वतः सगळं केलं होतं. ताटं मांडली. भाकरी वाढली, भाजी वाढली. वरणाचं पातेलं समोर आणलं आणि ती थांबली. हात ओट्याकडे गेला.

“ती द्या,” ती मला म्हणाली. “ती... ती...”

माझ्या तोंडात शब्द आला होता. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. आम्ही तिघंही तसेच. वरणावरची वाफ कमी होत गेली. बायकोनं डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ एकदा जुळले, सुटले, परत जुळले. मला वाटलं, आता ती काहीतरी फेकणार. मॅडम तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच काहीच तपासल्यासारखं दिसलं नाही.

“पळी,” ती म्हणाली.

मी ती आणून दिली. कुणी शाबास म्हणालं नाही. म्हटलं असतं तर आमची धडगत नव्हती. मॅडमनी ताटाजवळ ठेवलेली पिशवी ओढून नोंदींचा कागद आणि पेन काढलं. मग थांबल्या. “अण्णा, काय लिहायचं?”

“मला विचारू नका,” मी म्हणालो. “तिला विचारा.”

“वहिनी, तुमचं कसं हाय म्हणून लिहू?”

बायकोनं पळी वरणात घातली, तळापासून एकदा ढवळलं.

“लिहा,” ती म्हणाली, “उशिरा येतंय. पण येतंय. आणि आता जेवा, गार व्हायलंय.”

तसा रकाना आमच्या नोंदींत नव्हता. मॅडमनी तिच्या नावापुढे ते तसंच्या तसं लिहिलं, तिच्याच शब्दांत. मग पेनाला टोपण लावून त्यांनी आपलं ताट वरणासाठी तिच्यापुढे सरकवलं.